टूथपेस्ट लावून प्रोसेसर थंड होत नाही

"डेस्कटॉप गरम होऊन बंद पडतोय? मेकॅनिककडे जाऊ नका, हे सहा उपाय घरीच करा" असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यातले सल्ले थोडक्यात असे: थर्मल पेस्टऐवजी पांढरी टूथपेस्ट लावा, भरपूर लावा, ६० अंशांच्या वर प्रोसेसर जळतो, कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावा, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन तापमानामुळे होणारं शटडाऊन बंद करा, आणि एवढं करूनही तापला तर प्रोसेसर गेला समजा, नवा घ्या. इतके दिवस दुर्लक्ष केलं. पण माझ्या आतेभावाने पहिला उपाय खरोखर केला आणि ते मशीन उघडायची पाळी माझ्यावर आली. आता गप्प बसणं शक्य नाही.

टूथपेस्टचंच आधी बघू. प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि त्यावर बसणाऱ्या हीटसिंकचा (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा) तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण दोन्हींवर बारीक खाचा असतात. एकमेकांवर दाबले तरी त्या खाचांत हवा राहते, आणि तांबं हवेच्या सुमारे १५,००० पट चांगली उष्णता वाहून नेतं. ती हवा हाकलून फट भरणं, एवढंच थर्मल पेस्टचं काम. म्हणून तिच्यात सहसा सिलिकॉन तेलासारखा सहजी न उडणारा द्रव असतो आणि त्यात झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी. टूथपेस्टमध्ये काय असतं? पाणी, ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल, दात घासायला कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका, फेस येण्यासाठी साबणासारखं द्रव्य आणि फ्लोराइडचे क्षार. ओली असेतो ती फट भरते, हे मला मान्य करावं लागेल. पहिल्या तासाभरात तापमान खरंच उतरतं, आणि व्हिडिओवाले नेमका तेवढाच आकडा दाखवून कॅमेरा बंद करतात. पुढे सत्तर-ऐंशी अंशांवर त्यातलं पाणी उडून जातं.

आतेभावाच्या मशीनचा कूलर, म्हणजे हीटसिंक आणि त्यावरचा पंखा, काढला तेव्हा प्रोसेसरच्या झाकणावर खडूसारखा कडक पापुद्रा होता, मधोमध तडे गेलेला, आणि काही ठिकाणी खालचा धातू उघडा पडलेला. म्हणजे पुन्हा हवाच. त्याहून वाईट म्हणजे कडेने ओघळलेली पेस्ट सॉकेटच्या (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) धातूच्या चौकटीपर्यंत पोचली होती. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये त्या चौकटीच्या आत केसाएवढ्या बारीक १७०० पिना असतात. नेहमीची थर्मल पेस्ट विजेची वाहक नसते. टूथपेस्टमधलं क्षार विरघळलेलं पाणी मात्र वाहक असतं. ते पिनांत गेलं तर शॉर्ट, आणि पुसायला कापूस फिरवलात तर पिना वाकतात. प्रोसेसर वाचला तरी मदरबोर्ड हातचा जातो. घरात कोणी आधीच हा प्रयोग केला असेल तर मशीन चालू ठेवू नका. एएमडीचं एएम४ सॉकेट असेल (त्यात पिना प्रोसेसरलाच असतात) तर कूलर सरळ वर ओढूही नका, सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो आणि त्याच्या पिना वाकतात. कूलर थोडा डावी-उजवीकडे फिरवत सैल करा, मग उचला.

"भरपूर लावा" यावर फार बोलत नाही. खरी थर्मल पेस्ट जास्त झाली तर दाबाने बाहेर येते, पसारा होतो, फारसं बिघडत नाही. मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब पुरतो.

६० अंशांचा आकडा मात्र लोकांना विनाकारण घाबरवतोय. इंटेल आणि एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या आपल्या प्रत्येक प्रोसेसरच्या माहितीपानावर कमाल तापमान देतात, ते वाचायला दोन मिनिटं लागतात. कोअर आय९ १३९००के साठी ते १०० अंश आहे, रायझन ९ ७९५०एक्स साठी ९५, रायझन ७ ७८००एक्स३डी साठी ८९. भरपूर काम दिल्यावर पंचाहत्तर-ऐंशी दिसलं तर काहीही बिघडलेलं नाही. या भीतीला थोडा आधार आहे, तो असा की जुन्या प्रोसेसरसाठी इंटेल प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाच्या पृष्ठभागाची मर्यादा देत असे. आय७ ४७७० ला ती ७२.७२ अंश होती. पण तुमचं सॉफ्टवेअर आतल्या कोअरचं, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाचं, तापमान दाखवतं. दोन्हींची तुलना करायची नसते.

कॅबिनेटचं झाकण काढून पंखा लावल्याने काही अंश उतरतात, हे खरं. पण तो उपाय नव्हे, ती तपासणी आहे. झाकण काढताच तापमान दणकून उतरलं तर दोष हवेच्या वाटेत आहे: पुढची जाळी तुंबलीय, मागचा पंखा बंद आहे, किंवा कूलरचा पंखा आणि पत्र्यांच्या मध्ये धुळीचा जाड थर बसलाय. तो थर वरून दिसत नाही, पंखा सोडवल्यावरच दिसतो. हवेच्या फवाऱ्याने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

झाकण काढूनही फरक पडला नाही, आणि काम सुरू करताच काही सेकंदांत आकडा मर्यादेला टेकला, तर कूलर नीट बसलेलाच नाही. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर डब्यात येणाऱ्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एखादी अर्धवट बसणं फार सर्रास घडतं. बोर्डाच्या मागून बघा, चारही खुंट्यांचे पाय पूर्ण बाहेर येऊन फाकलेले दिसले पाहिजेत. नव्या कूलरच्या तळाचं संरक्षक प्लास्टिक तसंच राहिलंय का, तेही बघा.

पाचव्या, शटडाऊन बंद करायच्या सल्ल्याची मला सगळ्यात जास्त चीड येते. मशीन बंद पडतं ते प्रोसेसर वाचावा म्हणून. मर्यादेला पोचल्यावर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही तापत राहिला तर वीज तोडायला लावतो. ही सोय नव्हती तेव्हा काय व्हायचं ते २००१ साली टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटने चित्रित करून दाखवलं होतं: चालू मशीनचा हीटसिंक काढला तर इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण एएमडीच्या ॲथलॉनमधून धूर निघाला. आजच्या प्रोसेसरमधला शेवटचा कट-ऑफ बायोसमधून बंद होत नाही, हे नशीब. पण त्याच्या अलीकडच्या मर्यादा काही बोर्डांवर बदलता येतात, आणि हा मेसेज नेमकं तेच शिकवतो. कृपया हात लावू नका.

राहिलं "प्रोसेसर गेला समजा". तापण्याचं कारण खुद्द प्रोसेसर असणं दुर्मीळ. पाण्याने थंड करणारा कूलर असेल तर पंप फिरतोय का बघा. एक नळी गरम आणि दुसरी अगदी गार असेल तर पंपावर संशय घ्या. मग बायोसमधली विजेची मर्यादा बघा. १३९००के ला इंटेलने मूळ १२५ आणि कमाल २५३ वॅट ठरवून दिलेत, पण कित्येक बोर्ड ही मर्यादा उठवूनच येतात. ती पुन्हा उत्पादकाच्या आकड्यावर आणली की वेग थोडा उतरतो आणि तापमान बरंच उतरतं. हे न बघता नवा प्रोसेसर त्याच कूलरखाली, त्याच सेटिंगवर बसवलात तर तोही असाच तापेल.