छोटा बी का मोठा बी, बघतंय कोण

मेमरी कार्ड घ्यायला निघालात ना, मग आधी चष्मा घरी ठेवा. पाकिटावर इंग्रजी बी कधी छोटा छापलेला असतो कधी मोठा, आणि तुम्ही तो बघत बसलात की दुकानदार तुम्हाला गणिताचे मास्तर समजतो. आपल्या देवनागरीत छोटी-मोठी अक्षरं ही भानगडच नाही, एमबी म्हणजे एमबी, विषय संपला. छोटा म्हणजे बिट, मोठा म्हणजे बाइट, आठ बिटांचा एक बाइट, हे शाळेत एका मार्काला होतं. गेला तर गेला एक मार्क.

भाचीच्या लग्नात मी हेच धोरण ठेवलं. कॅमेऱ्यात फोरके व्हिडिओच्या सेटिंगला सेकंदाला 100 दिसले, कार्ड 64 जीबीचं, मी आपला 64,000 भागिले 100 केलं, 640 सेकंद, म्हणजे पावणेअकरा मिनिटंसुद्धा नाहीत! एवढ्यात तर नवरदेव घोड्यावरून उतरत पण नाही. पळत जाऊन स्वस्तातली पाच कार्डं आणली. ते 100 मेगाबिट होते म्हणे, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच, आणि ते एकच कार्ड 85 मिनिटं चाललं असतं. असू दे, पाच कार्डं घरात असलेली बरी.

आणि हो, स्वस्त कार्डावर 100 असा भलामोठा आकडा असला की तेच घ्या. तो वाचायचा वेग असतो, लिहायच्या वेगाची हमी त्या बारीक गोलातल्या 10 ची, म्हणजे सेकंदाला 10 मेगाबाइट, आणि ह्या वेळेस बी मोठा बरं का. कॅमेरा साडेबारा ओततोय, कार्ड दहाच पितंय, त्यामुळे माझं रेकॉर्डिंग बरोब्बर अंतरपाट दूर व्हायच्या आधी बंद पडलं. घाबरायचं काय त्यात, लग्न तर लागलंच ना.

घरी आल्यावर कार्ड विंडोजला लावा, 64 च्या जागी 59.6 दिसतील. लगेच बिल घेऊन दुकानात जा आणि चार गिऱ्हाईकं ऐकतील अशा आवाजात भांडा. कंपनी 100 कोटी बाइटला एक जीबी म्हणते, विंडोज 107 कोटी 37 लाखांना, असलं काही तो सांगायला लागला तर ऐकू नका. ह्या दुसऱ्या मापाला 1998 साली गिबिबाइट असं वेगळं नाव पण देऊन झालंय, पण बोबड्या पोराने ठेवल्यासारखं ते नाव चारचौघात घेणार कोण? त्यापेक्षा शेजाऱ्याचा मॅक मागा. मॅक 2009 पासून कंपनीच्याच मापाने मोजतो, तिथे गेलेले चार जीबी परत येतात, तेही फुकट.

एवढं करूनही जागा पुरेना तर ऑनलाइन 400 रुपयांत 2 टीबीचं कार्ड दिसतं, ते मागवा. आत खरी जागा चिमूटभर, पण कम्प्युटरने विचारलं की कार्ड बेधडक 2 टीबी सांगतं, इतका आत्मविश्वास आपल्यात असता तर. जागा भरली तरी ते कुरकुर करत नाही, फायलींची नावं सगळी दिसतात, उघडत तेवढ्या नाहीत. कार्ड काठोकाठ भरून खरं-खोटं तपासणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, पण त्यात तासन् तास जातात हो. मी सरळ भाचीच्या हनिमूनचे फोटो टाकून तपासलं.