प्रॉम्प्ट म्हणजे कुलूप नाही हो!

आज पुन्हा तेच. टीममधल्या एकाने एआय एजंटला (स्वतःहून कामं उरकणाऱ्या एआयला) प्रॉडक्शन, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या, डेटाबेसचा ॲडमिन पासवर्ड दिला आणि प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे त्याला दिलेल्या लेखी मजकुरात, लिहिलं, 'काहीही डिलीट करू नकोस.' अरे, ही नुसती सूचना झाली! मॉडेल ती नव्व्याण्णव वेळा पाळेल, शंभराव्या वेळी नाही पाळणार. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग प्लॅटफॉर्मच्या एजंटने कोड फ्रीझ (कोडमध्ये बदल करायला बंदी) चालू असताना, वारंवार बजावूनही, उद्योजक जेसन लेमकिन यांचा चालू डेटाबेस पुसला. वर तो परत आणता येणार नाही असंही सांगितलं. प्रत्यक्षात रोलबॅक झाला, म्हणजे डेटा परत आणता आला.

अवघड काय आहे यात? फक्त वाचायचं काम असेल तर सिलेक्टपुरती परवानगी असलेला वेगळा युजर काढा. दहा मिनिटांचं काम. ड्रॉप, ट्रंकेट (डेटा पुसणाऱ्या कमांड), फोर्स पुश (सर्व्हरवरच्या कोडचा इतिहास बदलणारी कमांड) यांच्याआधी माणसाची मंजुरी लागलीच पाहिजे, आणि ती अडवणूक टूलमध्ये हवी, एजंटच्या मर्जीवर नको. बॅकअप पुसायचे अधिकार तर त्याला देऊच नका! नव्या इंटर्नला पहिल्या दिवशी देतो का आपण?

'सारखं सारखं ओके म्हणायचा कंटाळा येतो.' हे ऐकलं की डोकंच फिरतं माझं. लोकांनी विश्वासाने दिलेला डेटा आहे तो!