उमेदवारांनो, थोडं प्रोफेशनल व्हा

नोकरी गेली म्हणून तोंड पाडून घरात बसू नका. लिंक्डइनवर, म्हणजे नोकरीधंद्याच्या ओळखींच्या साइटवर, नोकरी जाणं हेसुद्धा एक कार्य असतं आणि ते साग्रसंगीत पार पाडावं लागतं. ज्या कंपनीनं सकाळी लॉगिन बंद केलं आणि दुपारी कारण कळवलं, तिचे आधी जाहीर आभार माना. यादीत तुमचं नाव घालणाऱ्या मॅनेजरला टॅग करायला विसरू नका. सोबत आयकार्डाचा फोटो हवाच. तो कार्ड जमा करण्याआधी काढा, नंतर गेटवरचे काका देत नाहीत.

मग नावाखालची ओळ. तुम्ही सॉफ्टवेअर टेस्टर असाल तर तसं चुकूनही लिहू नका. 'क्वालिटी इव्हँजलिस्ट, स्टोरीटेलर, लाइफलाँग लर्नर, कॉफी लव्हर' असं लिहा. घरी चहाच होतो, असू दे.

फोटोभोवती 'ओपन टू वर्क'ची हिरवी पट्टी लावावी का, हा प्रश्न २०२० मध्ये ती सोय आली तेव्हापासून मोठमोठ्या विद्वानांना छळतोय. लावली तर माणूस फार गरजू दिसतो म्हणे. नाही लावली तर त्याला नोकरीची गरज नसावी, असं वाटतं. 'फक्त रिक्रूटरना', म्हणजे माणसं भरती करणाऱ्यांना, 'दिसेल' असाही एक मधला मार्ग आहे. तुमच्या सध्याच्या कंपनीतल्या रिक्रूटरना ते दिसू नये म्हणून प्रयत्न करू, पण पूर्ण खात्री देता येत नाही, असं लिंक्डइन स्वतःच सांगतं. तेव्हा निर्धास्त राहा.

ॲड्रेस बुक जोडायला सांगितलं तर आनंदानं जोडा. सदस्यांच्या नावानं त्यांच्या ओळखीपाळखीच्यांना आमंत्रणाची स्मरणपत्रं पुन्हा पुन्हा धाडल्याबद्दल लिंक्डइनवर अमेरिकेत दावा झाला होता आणि २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली. तुमच्या दूधवाल्यालाही तुमच्या करिअरची प्रगती कळायला नको का?

लिंक्डइनचं पैसे भरून मिळणारं प्रीमियम घ्या. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं या दुकानासाठी २६.२ अब्ज डॉलर मोजलेत, ते कुणीतरी भरून द्यायला हवेत.

आता पोस्टी. दिवसाला एक. प्रत्येक वाक्यानंतर एक ओळ मोकळी सोडायची, म्हणजे पोस्ट 'सी मोअर'पाशी अर्धवट तुटते आणि वाचणाऱ्याला बोट टेकवावंच लागतं. शेवटी 'ॲग्री?' असं विचारायचं. विषयाची चिंता नको. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याकडून तुम्ही लीडरशिप शिकलात. त्याला याची कल्पना नाही, त्याला फक्त सुट्टे हवे होते.

दुसऱ्यांच्या पोस्टींखाली 'सीएफबीआर' लिहा, म्हणजे 'कमेंटिंग फॉर बेटर रीच', पोस्ट जास्त लोकांना दिसावी म्हणून केलेली कमेंट. सगळे लिहितात.

'जागा भरायच्या आहेत, खाली इंटरेस्टेड लिहा' अशी पोस्ट दिसली तर तिथंही लिहा. तुमच्या आधी हजारोंनी लिहिलेलं असेल. लिहिणाऱ्याकडे जागा नसतात, त्याला आपली पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोचवायची असते, पण त्याच्या करिअरला हातभार लागतोच ना!

ओळखीनं नोकरी मिळवायला लाजू नका, ते आता शास्त्रसिद्ध आहे. नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, हे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्येच मांडलं होतं. मग २०१५ ते २०१९ या काळात लिंक्डइननं सुमारे २ कोटी सदस्यांना 'यांना तुम्ही ओळखत असाल'च्या याद्या वेगवेगळ्या दाखवून पाहिल्या. त्या २ कोटींना आपण प्रयोगात आहोत हे अर्थातच कुणी सांगितलं नव्हतं. निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला: बेताच्या सैल ओळखी सगळ्यात कामाच्या. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत 'सध्या काय करतो मुलगा?' असं विचारून, मठ्ठ्याचा घोट घेत 'पाठवून दे हो रिझ्युमे' म्हणणारे काका हेच करत आले आहेत. फक्त काकांनी कधी सर्टिफिकेट कोर्स विकला नाही.

लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारा भामटा भेटला तर पैसे देऊ नका. पण उत्तर मात्र तो मिनिटात देतो, हे मान्य करा.

आता मुख्य मुद्दा. रिक्रूटरशी कायम नम्रपणे वागा. तुम्ही टेस्टिंगमध्ये आहात आणि मेसेज जावा डेव्हलपरसाठी आलाय, तरी 'थँक्यू फॉर रीचिंग आउट' म्हणा. 'हाय डिअर' म्हटलं तर ती माया समजा. प्रोफाइलवर लिहिलेली सगळी माहिती पुन्हा तक्त्यात भरून मागतील, ती भरा. सध्याचं सीटीसी (म्हणजे वर्षाचा एकूण पगार), अपेक्षित सीटीसी, एकूण अनुभव, रेलेव्हंट अनुभव, नोटीस पिरियड, पॅन, आधार, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा. तुमचं बजेट किती, असं मात्र तुम्ही विचारायचं नाही. विचारलंच तर 'ॲज पर मार्केट स्टँडर्ड' हे उत्तर मिळतं. 'इमिजिएट जॉइनर ओन्ली' असं लिहिलेलं असेल तर हसू नका. त्याच कंपनीतून कुणी बाहेर पडायचं म्हटलं तर त्याला नव्वद दिवसांची नोटीस असते, हे ठाऊक असलं तरी हसू नका.

मग मुलाखती. एक फेरी, तिच्यावर आणखी एक, मग 'कल्चर फिट'साठी कुणा साहेबांशी गप्पा, ज्यात साहेबांचा कॅमेरा बंद. त्यानंतर येते असाइनमेंट. छोटीशीच आहे, दोन तासांत होईल, म्हणतात. माझ्याकडे पुण्यातल्या खराडीच्या एका कंपनीची आली होती. त्यांचं पेमेंटचं ॲप, अगदी खरंखुरं, लोक वापरतात ते. त्याचा टेस्ट प्लॅन करायचा आणि सापडतील ते बग नोंदवायचे. आख्खा शनिवार-रविवार त्यात घातला. घरात पाहुणे असताना दार लावून बसले. ओटीपी दुसऱ्यांदा मागवला की जुना ओटीपीही चालत होता, हे शोधून काढलं, पायऱ्यांसकट लिहिलं, स्क्रीनशॉट जोडले आणि सोमवारी सकाळी पाठवून दिलं. 'ग्रेट, विल गेट बॅक' असं उत्तर आलं.

तिथून पुढे शांतता. आठवड्यानं मी मेल केला. मग फोन, तो वाजत राहिला. मग लिंक्डइनवर मेसेज. त्याखाली त्या कंपनीच्या रिक्रूटर मॅडमचा इवलासा गोल फोटो उमटला, म्हणजे वाचला. दुसराही वाचला. तिसराही. दरम्यान ॲपचा अपडेट आला आणि ओटीपीचा तो घोळ त्यात दुरुस्त झाला होता. योगायोग असणार. बग आपणहूनही बरे होत असतील, मी टेस्टरच आहे, मला काय कळतं.

आणि मग गेल्या आठवड्यात मॅडमची पोस्ट आली. प्रत्येक ओळीनंतर मोकळी ओळ सोडून. 'आजचे उमेदवार उत्तरं देत नाहीत. ऑफर घेतात आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. आमच्या वेळेला किंमत नाही का? उमेदवारांनो, थोडं प्रोफेशनल व्हा. ॲग्री?'

खाली टाळ्यांचे शेकडो हात. 'सो ट्रू मॅडम.' 'वेल सेड मॅडम.' 'सीएफबीआर.'

तेव्हा वाचकहो, तुम्हीही तिथं जाऊन टाळी वाजवा, नेटवर्क वाढेल. कुणी सांगावं, मॅडमच तुम्हाला एखादी असाइनमेंट...

नाही, हे आता मला जमत नाही.

मॅडम, सरळच बोलते. ऑफर घेऊन न येणारी माणसं असतात, मला माहीत आहे. पण माणसाला तीन महिने नोटिशीत अडकवून ठेवल्यावर तो त्या तीन महिन्यांत दुसरी ऑफर शोधणारच. हा नियम त्यानं केलेला नाही, तुमच्यासारख्याच कंपन्यांनी केलाय. आणि त्याला ऑफर तरी मिळाली होती. त्यानं तुमचा एक जॉइनिंगचा दिवस बुडवला. तुम्ही माणसांचे शनिवार-रविवार फुकट वापरता आणि साधं 'नाही' म्हणत नाही. 'नाही' पचवता येतं हो. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांनी घराचा हप्ता डोक्यावर घेऊन ते पचवलंय. पण काहीच न कळवल्यामुळे माणूस दुसरीकडे हो म्हणायचं थांबतो, रोज मेल उघडून बघतो आणि घरच्यांना 'होईल बहुतेक' सांगत राहतो. हे तुम्हाला कळत नाही असं नाही. तुम्हाला ते महत्त्वाचं वाटत नाही.

वेळ नव्हता म्हणू नका. तेवढी लांबलचक पोस्ट लिहायला वेळ होता. हजार अर्जांना उत्तर द्या असं कुणी म्हणत नाही. ज्यांना तुम्ही स्वतः मुलाखतीला बोलावलंत, त्यांच्यापुरतं बोलतेय. कॅनडात ऑन्टारिओमध्ये १ जानेवारी २०२६ पासून याचा कायदाच आहे. पंचवीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या कंपनीनं जाहिरात देऊन मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवावंच लागतं. आपल्याकडे कायद्याची वाट कशाला बघायची? 'तुमची निवड झालेली नाही' एवढं एक वाक्य. कॉपी-पेस्ट केलेलं चालेल. नावाचं स्पेलिंग चुकलं तरी चालेल.

आणि 'सो ट्रू मॅडम' लिहिणाऱ्यांनो, तुमच्यातल्या कित्येकांच्या फोटोला हिरवी पट्टी आहे. तुम्हालाही उत्तरं आलेली नाहीत. ज्यांनी तुम्हाला टांगून ठेवलं, त्यांच्याच पोस्टी तुम्ही उचलून धरता, का, तर उद्या तिथं वर्णी लागेल. नाही लागणार. त्या पोस्टीखाली टाळी वाजवण्याऐवजी आपला अनुभव लिहा. नाव लिहायची भीती वाटत असेल तर नाव न घेता लिहा, पण तिथंच लिहा, त्यांना वाचावा लागेल असा. मी लिहिला. संध्याकाळपर्यंत कमेंट उडवलेली होती.

मग दोन दिवसांच्या कामाचं बिल करून मेसेजमध्ये धाडलं. जीएसटी लावलेला नाही. तेही वाचल्याची खूण आली आहे.