गुरूच्या पोटातलं बाहेरून कळतं का?

‘गुरू ग्रहाच्या आत आजवर कोणी गेलेलं नाही, तेव्हा त्याच्या गाभ्याबद्दल शास्त्रज्ञ सांगतात त्या सगळ्या थापा,’ असा एक संदेश बराच फिरतोय. त्यातल्या प्रत्येक मुद्द्यात थोडंफार तथ्य आहे, म्हणूनच तो पटकन पटतो.

‘कुठलंच यान खोल गेलं नाही.’ खरंय. 1995च्या डिसेंबरात गॅलिलिओ यानाचं उपयान गुरूच्या वातावरणात उतरलं आणि जेमतेम तासभर टिकलं. तेवढ्यात ते दीडशेएक किलोमीटर खाली गेलं, आणि गुरूची त्रिज्या आहे सुमारे 71,500 किलोमीटर. पण हीच अट लावायची तर पृथ्वीचा गाभाही नाकारावा लागेल. तिथवरही कोणी खणत पोचलेलं नाही.

‘बाहेरून फक्त एकूण वस्तुमान कळतं, हे न्यूटननंच सिद्ध केलंय.’ हा मुद्दा मात्र वजनदार. फक्त न्यूटनचं ते प्रमेय अचूक गोलासाठी आहे आणि गुरू तसा नाही. 9 तास 55 मिनिटांत तो स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे मध्यावर फुगतो. त्याची विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा साधारण 4,600 किलोमीटरनं जास्त भरते. तो किती फुगणार आणि त्या फुगवट्याची ओढ यानाला किती जाणवणार, हे आतलं द्रव्य कुठे किती दाटलंय यावर ठरतं.

‘गुरूभोवती फिरणाऱ्या नासाच्या जुनो यानावर गुरुत्व मोजायचं उपकरणच नाही.’ गुरुत्व थेट मोजणारं उपकरण नाहीच, कारण इथे यानच उपकरण आहे. 2016पासून ते गुरूच्या ढगांवरून, काही हजार किलोमीटर उंचीवरून, एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे झेपावत आलं. पृथ्वीवरून रेडिओलहर पाठवायची, यानानं ती परतवायची; ओढीनं यानाचा वेग बदलला की तिची वारंवारता बदलते, तो बदल टिपायचा. सेकंदाला पन्नासहून जास्त किलोमीटर वेगानं पळणाऱ्या यानाच्या वेगातला, सेकंदाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचा फरकही त्यातून पकडता येतो. 2018 साली याच नोंदींतून दिसलं, की गुरूच्या उत्तर आणि दक्षिण गोलार्धांची ओढ सारखी नाही. नुसत्या फिरण्यानं हे होत नाही. वरच्या पट्ट्यांतले वारे सुमारे 3,000 किलोमीटर खोल पोचतात, असा हिशेब त्यातून निघाला. शनीसाठी, त्याच्याभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाच्या 2017मधल्या अखेरच्या फेऱ्यांतून, तो आकडा 9,000च्या घरात आला.

‘आधी घट्ट गाभा म्हणायचे, आता विरळ म्हणतात.’ म्हणतात खरं. गुरुत्वाच्या या बारीक नोंदी बाहेरच्या थरांबद्दल नेमकं बोलतात, गाभ्याबद्दल आडून. प्रचंड दाबाखाली हायड्रोजन कसा वागतो हे त्यात गृहीत धरावं लागतं आणि एकाहून जास्त प्रारूपं जुळतात. 2017च्या विश्लेषणात गाभ्यातली जड (हायड्रोजन-हेलियमपलीकडची) मूलद्रव्यं 7 ते 25 पृथ्वींच्या वस्तुमानाइतकी निघाली, आणि ती पार अर्ध्या त्रिज्येपर्यंत पसरलेली असू शकतात. पल्ला मोठा आहे, पण तो लपवलेला नाही. गाभा नंतर विस्कटला की घडतानाच तसा होता, यावर अजून एकमत नाही. शंका घ्यायचीच असेल तर तिथे घ्यावी.