१२ दिवसांचं बाथरूम

आज पुन्हा शनिवार. मिस्त्रीनं सकाळी ९ ची वेळ दिली होती. आता पावणेएक वाजलाय. ११ पर्यंत त्याचा फोन वाजत होता, उचलत नव्हता. आता बंद लागतोय.

अक्षय तृतीयेला नारळ फोडून काम सुरू केलं. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळचा आमचा टू बीएचके, तिसरा मजला, बाथरूम ७ बाय साडेचार. खालच्या काकांच्या छताला ओल आली होती, पोपडे पडत होते, म्हणून सगळं फोडून नवीन वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं. 'भाऊ, १२ दिवसांत मोकळं करून देतो,' हे मिस्त्रीचे शब्द. चौथा महिना संपत आलाय. घरात चार माणसं, एकच बाथरूम चालू, आणि आईचे गुडघे दुखतात तरी तिलाही सकाळी रांगेत थांबावं लागतं.

काय काय झालं ते सांगतो. चिपिंग करताना, म्हणजे जुनं प्लास्टर-टाइल फोडताना, बिगाऱ्यानं भिंतीतला जुना पाइप फोडला. ठीक आहे, फुटतो. मग सगळी लाइन सीपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) पाइपची नवीन टाकली. मी मिस्त्रीला दोनदा सांगितलं की भिंत बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट करा, एक रात्र पाणी कोंडून ठेवा, जॉइंट बघू. तो म्हणाला, 'काही गरज नाही, २० वर्षं हेच करतोय.' प्लास्टर झालं, आणि आठव्या दिवशी डायव्हर्टरच्या (नळ-शॉवरकडे पाणी वळवणाऱ्या कॉकच्या) खाली ओल. पुन्हा फोडाफोडी. त्याची मजुरी माझ्याकडूनच, कारण 'मटेरियल फॉल्टी होतं'.

पाँडिंगची तीच कथा. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपला बोळा मारून दोन इंच पाणी भरायचं, ४८ तास ठेवायचं आणि खालच्यांच्या छतावर लक्ष ठेवायचं, इतकी साधी गोष्ट. यानं संध्याकाळी पाणी भरलं, सकाळी सोडून दिलं आणि दुपारी टाइल लावायला बसला. मी कंपनीत होतो, बायकोनं फोन करून थांबवलं म्हणून वाचलो. पण उतार तिलाही कळला नाही आणि मलाही फोनवरून कळणार नव्हता. जमिनीला मीटरमागे साधारण एक सेंटीमीटर उतार लागतो, आणि तो जाळीकडे लागतो. आमच्याकडे पाणी दाराकडे येतं. बादली ओतली की उंबरठ्याशी तळं. म्हणजे टाइल काढा. काढल्या तर निम्म्या फुटल्या. नवीन बॉक्स आणायला गेलो तर मोरबीहून आलेली ती बॅच संपलेली. दुसऱ्या बॅचचा शेड वेगळा, शेजारी ठेवल्यावर डोळ्यांत खुपतो.

आणि दर वेळी कारण तयार. माणूस गावाला गेला. माणूस आजारी आहे. आता नवीन म्हणजे, '२०२७ च्या सिंहस्थाची कामं निघालीत भाऊ, सगळे तिकडे गेले, माणूसच मिळत नाही.' अरे, मिळत नसेल तर काम घेऊ नका! 'नाही जमणार' म्हणा, मी दुसरा बघतो. 'निघालोच, १० मिनिटांत पोहोचतो' हे माणूस घरात झोपून कसं काय बोलू शकतो?

आता माझ्या गेमबद्दल, कारण खरा संताप तिथे आहे.

मी व्हॅलोरंट खेळतो, पाच विरुद्ध पाच असा पीसीवरचा ऑनलाइन शूटिंग गेम. अंबडच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट करून येतो, घरचं सगळं आवरतो आणि रात्री १० ते १२ खेळतो. तीन वर्षं झाली. आमची पाच जणांची टीम आहे: एक मालेगावचा, एक जळगावचा, दोघं सांगलीचे आणि मी. त्यांतल्या तिघांना मी अजून प्रत्यक्ष भेटलेलो नाही. पण १० म्हणजे १० ला पाचही जण हजर असतात. कुणाला उशीर होणार असेल तर ८ वाजताच मेसेज येतो. जळगाववाल्याच्या घरी लग्न होतं, तेव्हासुद्धा त्यानं दोन दिवस आधी सांगितलं. रँक्ड मॅच (जिच्यावर गेममधला दर्जा ठरतो) मध्येच सोडली तर गेम पॉइंट कापतो, काही वेळ खेळूच देत नाही. मला तो नियम शंभर टक्के पटतो, कारण तुम्ही गेलात तर उरलेल्या चौघांना पाचांशी लढावं लागतं. माझं अर्धं बाथरूम फोडून जो निघून जातो त्याचं मात्र काहीच कापलं जात नाही. पैसे तर त्यानं आधीच अर्ध्याहून जास्त उचललेत.

गेल्या महिन्यात शनिवारी दुपारी ४ ला आमची स्पर्धेची मॅच होती. महिनाभर त्याच्यासाठी सराव केला होता. मी मिस्त्रीला गुरुवारीच सांगितलं, ९ ला या, ३ पर्यंत ड्रिलिंग उरका. आला सव्वाचारला. हॉलमध्ये मी हेडफोन लावून बसलेलो, धुळीसाठी पीसीभोवती प्लास्टिक गुंडाळलेलं, आत गरम हवा कोंडलेली. तरी स्कोअर ९-८, आम्ही पुढे. आणि यानं गिझरच्या अँकरसाठी मारलेलं ड्रिल आरपार निघालं, हॉलच्या भिंतीवरून येणारी फायबरची वायर तुटली. मी आमच्या टीमचा स्मोक टाकणारा, म्हणजे धुराचा पडदा टाकून समोरच्यांची नजर झाकणारा. माझ्या स्मोकशिवाय साइटवर (बॉम्ब लावायच्या जागेत) शिरायचं म्हणजे समोरच्याच्या नेमात उभं राहणं. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून परत आत जाईपर्यंत तीन राउंड गेले होते, आणि पिंग, म्हणजे नेटला लागणारा उशीर, १८० च्या खाली येईना. १३-१० नं हरलो. त्या पोरांनी एक शब्द वाईट बोलला नाही. त्यानं जास्त लागलं.

मिस्त्री काय म्हणाला? 'गेमच चालू होता ना भाऊ, मला वाटलं कंपनीचं काही काम अडलं.'

गेमच! हा 'च' मला चार महिने सगळ्यांकडून ऐकायला मिळतोय. मामा आले तर म्हणाले, 'ते जुगाराचं सरकारनं बंद केलं ना, अजून कसं चालतं तुझं?' मामा, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो, आणि तोच कायदा ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेमना, त्यापासून वेगळं काढून मान्यता देतो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्सला पदकं होती. मी एक रुपया लावत नाही. पण हे कोण ऐकतं? काम रखडलं की बोट माझ्या हेडफोनकडे. 'तू लक्ष दिलं असतंस तर झालं असतं.' शेजारचे दादा रोज संध्याकाळी दोन तास क्रिकेट खेळून येतात, त्यांना कुणी विचारत नाही. माझे दोन तास मात्र कुणीही उचलून न्यावेत. प्लंबर रात्री साडेदहाला नळाचे फोटो मागणार, टाइलवाला ११ ला फोन करणार, आणि मी उठायचं. उठतोच मी. चार महिन्यांत किती रात्री टीमला 'आज तुम्ही खेळा' म्हणून कळवलं ते मोजलं नाही, पण त्यांनी आता बदली खेळाडू बघायला सुरुवात केलीय, आणि त्यांचं काही चुकत नाही.

बायकोला मी काल हे सगळं नीट सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, 'उद्या रात्री फोन माझ्याकडे दे, कुणाचा आला तर मी बघते.'

मघाशी मी दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलंय. तो २ ला येतो म्हणालाय. उतार दुरुस्त होईपर्यंत आणि पाणी ४८ तास उभं राहिलेलं मी स्वतः बघेपर्यंत त्याला ॲडव्हान्स मिळणार नाही, हे फोनवरच सांगून टाकलंय. आणि रात्री १० ला मी टीमसोबत आहे.