“पावसात भिजवलं अन् शेवाळ दाखवलं” या २ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई. तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला, लगेच लिहिणार होतो पण डोकं शांत झाल्यावर लिहावं म्हणून थांबलो. तुम्ही लिहिलं की अमेरिका टूरमधला वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक नॅशनल पार्कचा दिवस पूर्ण वाया गेला, दोन तास गाडीत बसवून ठेवलं, मंग पावसात भिजवलं, जनावर दिसलं तर मुलाला जवळ जाऊ दिलं नाही उलट त्याच्यावर ओरडले, मोबाईलला रेंज नाही, आणि इतके लाख घेऊन दाखवलं काय तर शेवाळ. यातलं जे आमचं चुकलं ते सगळ्यांसमोर मान्य करतो, आणि जे पटलं नाही तेही सांगतो, राग मानू नका.

पहिले बुटाचं. व्हॉट्सॲपवर सामानाची यादी पाठवली त्यात रेनकोट होता, वॉटरप्रूफ बूट नव्हते, ही चूक माझी. वरूडच्या ४५ डिग्रीतून निघालेल्या माणसाला तिथं १०-१२ डिग्रीत ओले मोजे घालून फिरायची कल्पना कशी राहील, ते मी निघायच्या आधी समजावून सांगायला पाहिजे होतं. तुमच्यासोबतच्या काकाजींचे कापडी बूट पंधरा मिनिटांत चिंब झाले, त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही पण मला दिसत होतं. फोर्क्स गावात तुम्ही त्यांना नवीन बूट घेतले त्याचं बिल पाठवा, पूर्ण पैसे खात्यात टाकतो.

दोन तासांचंही आमच्याकडंच येते. मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे त्यांची मेमोरियल डेची सुट्टी, त्याला जोडून शनिवार-रविवार, त्यात पार्कमधल्या होह रेन फॉरेस्टचं, म्हणजे आपण गेलो त्या पावसाच्या जंगलाचं, पार्किंग लहान, भरलं की गेट बंद करतात आणि एक गाडी बाहेर आली की एक आत सोडतात. हे मला माहीत होतं. पण सकाळी हॉटेलात नाश्त्याला कोणाचं आवरलं नाही, कोणाची आंघोळ राहिली, निघता निघता नऊ वाजले आणि मी कडक बोललो नाही. आता इथून पुढं सहाला गाडी सुटणार, नाश्ता डब्यात बांधून देऊ. रेंजचं निघायच्या आधी मीटिंगमध्ये सांगितलं होतं पण लेखी दिलं नव्हतं, ते आता यादीत टाकलं.

पण ताई, पावसाचं मी मान्य नाही करत. तुम्ही म्हणता ऊन पाहून न्यायला पाहिजे होतं. अहो ते जंगलच पावसाचं आहे, होहच्या खोऱ्यात वर्षाला १४० इंचांच्या आसपास पाऊस पडते म्हणजे साडेतीन हजार मिलिमीटर, आपल्याकडं चांगल्या वर्षीही हजाराच्या आसपास. पॅसिफिकवरून आलेले ढग ऑलिम्पिकच्या डोंगराला अडतात आणि पश्चिमेकडं सगळं ओतून देतात, जसं सह्याद्रीनं अडवल्यावर कोकणात धो धो आणि पलीकडं माणदेश कोरडा. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला स्क्विम नावाचं गाव आहे तिथं वर्षाला जेमतेम १६ इंच. होहला जुलै-ऑगस्ट कोरडे असतात हे खरं, पण तेव्हा आपल्याकडं शाळा सुरू आणि शेतात कामं, तुम्हीच म्हटलं होतं की पेरणीच्या आधी काकाजी घरी पाहिजेत. आपण डार्क झोनमधली, म्हणजे जमिनीतलं पाणी उपसून संपत आलेल्या भागातली माणसं, संत्रा जगवायला बोअर किती फूट खाली न्यावं लागते ते तुम्हाला मी काय सांगू. इतकं पाणी कुठंतरी रोजच्या रोज झिमझिम पडून राहिलं आणि त्यानं काय काय उगवते, हे पाहायलाच तर तिथं नेतो आम्ही.

आता शेवाळ. बाहेरून पाहिलं तर वाटते की झाडाला रोग लागला, आपल्याकडं संत्र्यावर बांडगूळ चढलं की झाड गेलंच समजतो. पण हे बांडगूळ नाही, ते झाडातलं काही ओढत नाही, पाऊस आणि हवेतली धूळ यावर जगते. उलट १९८१ साली नलिनी नाडकर्णी या शास्त्रज्ञ बाईंनी छापून दाखवलं की तिथल्या मोठ्या पानांच्या मेपल झाडाला फांदीतूनच मुळं फुटतात आणि ती मुळं वरच्या वर त्या शेवाळाच्या गादीत शिरून खत-पाणी घेतात. होहमधल्या हॉल ऑफ मॉसेस या पायवाटेवर आपण ज्या झाडांखाली उभे होतो तेच हे मेपल. हे मी तिथं उभा राहून नीट सांगायला पाहिजे होतं, पण मी छत्र्या वाटत होतो, ती माझी कमी.

मुलाचं. जे जनावर होतं ते रूझवेल्ट एल्क, आपल्या सांबरासारखंच दिसते पण मोठं. ते वाचावं म्हणूनच १९०९ साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हा भाग राखीव केला होता, पार्क झालं १९३८ मध्ये. तिथला नियम आहे ५० यार्ड म्हणजे साधारण ४५ मीटर लांब राहायचा, आणि मे-जून म्हणजे माद्यांचे विण्याचे दिवस, पिल्लू गवतात लपवलेलं असते, माणूस मधात आला तर मादी सरळ अंगावर येते. तो सेल्फीसाठी धावला तेव्हा मी ओरडलो, आवाज चढला त्याबद्दल त्याची माफी मागतो, पण अडवलं त्याची नाही. ताडोब्यात जिप्सीतून उतरू देतात का? वाघ नाही म्हणून ते जनावर पाळीव होत नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. तुम्ही गाडीकडं परतल्या होत्या तेव्हा काकाजी मागं एका पडलेल्या स्प्रूसच्या झाडापाशी थांबले होते. छातीइतकं जाड खोड, आडवं, आणि त्याच्या पाठीवर हेमलॉकची रोपं एका सरळ ओळीत उभी. काकाजी म्हणाले, “हे तं तिफणीनं पेरल्यासारखं हाय.” मी सांगितलं की खाली जमिनीवर इतकी दाटी असते की बी जगत नाही, म्हणून मेलेल्या झाडाच्या अंगावर रुजते, शंभर-शंभर वर्षं ते खोड असं पोसत राहते. पुढं एक मोठं झाड होतं, त्याच्या मुळांखाली पोकळी, जिथं कधी काळी असंच खोड होतं आणि सडून गेलं. काकाजींनी त्या पोकळीत कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढून बोटाला लागलेली काळी माती चोळून पाहिली, वास घेतला, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. पाऊस सुरूच होता, त्यांनी टोपी पण घातली नाही.

त्यांचा त्या झाडापाशी काढलेला फोटो त्यांनी मागितला होता. प्रिंट करून ऑफिसात ठेवला आहे, बाजाराच्या दिवशी येतील तेव्हा घेऊन जायला सांगा, नाही जमलं तर मी घरी आणून देतो जी.