खत कुठे होतं, ते लिहा ना पिशवीवर!

आज संध्याकाळी फरसाण आणायला गेले होते. माझ्या हातात कापडी पिशवी दिसत असूनही दुकानदाराने पुडा एका पातळ, फिकट हिरव्या पिशवीत घातला. नको म्हटलं तर म्हणाला, "घ्या हो ताई, हे प्लास्टिक नाही, याचं खत होतं." पिशवीवर पानाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'कंपोस्टेबल' आणि 'मी प्लास्टिक नाही'.

माझं डोकंच फिरलं. कारण अशीच एक पिशवी आमच्या गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये आठ महिने होती.

गेल्या गणपतीत निर्माल्य भरून ती पिशवी मी स्वतः ड्रममध्ये टाकली. विश्वासाने टाकली. वैशाखात आई (माझ्या सासूबाई) खत चाळायला बसल्या आणि चाळणीवर ती अख्खी वर आली. थोडी काळपट, एका बाजूला फाटलेली, पण पान शाबूत, अक्षरं शाबूत. आई म्हणाल्या, "फुलं गेली, दूर्वा गेल्या, केळीचं पान गेलं. हिला काय झालं गं?" मला उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं खत करणाऱ्या बाईला मीच सांगितलं होतं की टाका, विरघळेल.

नंतर शोधलं तेव्हा कळलं. या पिशव्यांसाठी आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे. त्याची चाचणी होते ५८ अंश सेल्सियसच्या आसपास, आणि ते तापमान सहा महिन्यांपर्यंत टिकवून. तिथेही चाळणीच वापरतात बरं का! १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहाव्या हिश्श्याहून जास्त उरता कामा नये. आमच्या ड्रममध्ये नवीन ओला कचरा पडला की चार दिवस वाफा येतात, मग सगळं कोमट. ५८ अंश महिनोन्‌महिने कोणाच्या गच्चीवर राहतात? म्हणजे याचं खत होतं ते कचऱ्यापासून खत करणाऱ्या मोठ्या प्रकल्पात, आणि पिशवीवर मात्र नुसतं 'कंपोस्टेबल'. वाचणारा काय समजणार? घरच्या कुंडीत होतं, असंच ना?

आणि 'मी प्लास्टिक नाही' हे तर धडधडीत खोटं आहे. कायदाच याला 'कंपोस्टेबल प्लास्टिक' म्हणतो. २०१६च्या प्लास्टिक कचरा नियमांतल्या व्याख्येत लिहिलंय की डोळ्यांना दिसेल असा अवशेष मागे राहायला नको. आमच्या आईंच्या चाळणीवर काय होतं मग?

हो, नियम आहेत, मान्य. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. आणि खरंच प्रकल्पात जाणाऱ्या ओल्या कचऱ्यासाठी या पिशव्या उपयोगी असतील, तेही मान्य. पण साध्या प्लास्टिकच्या पिशवीला १२० मायक्रॉनची अट आणि हिला जाडीची अटच नाही, मग जो तो पान छापून पातळ पिशव्या विकायला मोकळा! खरी कुठली, खोटी कुठली, हे त्या फरसाणवाल्याने ओळखायचं का? मी त्याच्यावर उगाच चिडले. त्याला कोणीतरी तेच सांगून विकलंय, जे मी आईंना सांगितलं.

आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना मी ती ड्रममधली पिशवी दाखवली होती. त्यांनी बोटांत चुरगाळून पाहिली. "ताई, आमच्या हाताला हे प्लास्टिकच लागतं. भंगारवाला घेत नाही, ओल्यात टाकलं तर तिकडे उपसून बाहेर काढतात." म्हणजे ना खतात, ना भंगारात. शेवटी डंपिंगच्या ढिगावर. आपण 'चांगलं' म्हणून घेतलेल्या वस्तूचं ओझं त्यांच्याच हातांवर, हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

ऑस्ट्रेलियात घरच्या खतासाठी एएस ५८१० आणि मोठ्या प्रकल्पासाठी एएस ४७३६ अशी दोन वेगळी मानकं आहेत. आपल्याला एवढंच हवंय, की पानाच्या चित्राएवढ्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत, छापा: 'घरी खत होत नाही, फक्त प्रकल्पात होतं.' हे न लिहिता 'कंपोस्टेबल' शब्द वापरूच देऊ नका. प्रमाणपत्राचा क्रमांक नसेल तर माल उचला. विक्रेत्याचा नाही, कारखान्याचा.

आईंनी ती पिशवी टाकू दिली नाही. धुऊन, वाळवून, घडी घालून कपाटात ठेवली आहे. मघाशी फरसाणाचा पुडा बघितल्यावर त्यांनीच काढून दिली. म्हणाल्या, "उद्या दाखव त्याला." दाखवणार आहे. भांडायला नाही, नुसती शेजारी शेजारी ठेवणार आहे, त्याची नवी आणि आमची आठ महिन्यांची.

तुमच्या घरी अशी पिशवी असेल तर उलटसुलट करून बघा, खत कुठे होतं ते लिहिलंय का. फोटो इथेच खाली टाका, मला ते सगळे त्याला दाखवायचे आहेत.